एकाच लिव्हरने दोन्ही चाके थांबवायची तर

पुढे वाचण्यापूर्वी दारात उभी असलेली सायकल एकदा पुढे ढकला आणि आधी डावा, मग उजवा ब्रेक दाबून पाहा. आपल्याकडच्या सायकलींना सहसा उजव्या हाताखालचा ब्रेक पुढच्या चाकाचा आणि डाव्या हाताखालचा मागच्या चाकाचा असतो. मागचा ब्रेक बऱ्यापैकी लागेल. पुढचा मात्र अनेक घरांत नावालाच असेल. कुठे वायर तुटलेली, कुठे रबर झिजून लोखंड उघडे पडलेले, तर कुठे चांगला चालता ब्रेक मुद्दाम सैल करून ठेवलेला.

आमच्या वस्तीत विहारासमोरच्या अंगणात आम्ही काही कार्यकर्ते अधूनमधून रविवारी मुलांच्या सायकली तपासतो. नट आवळायचे, साखळीला तेल द्यायचे, एवढेच काम. मी कचेरीतला कारकून, आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले; पण पाना धरायला पदवी लागत नाही. तिथे आठवी-नववीच्या मुलींच्या सायकलींचा पुढचा ब्रेक सोडवून ठेवलेला वारंवार दिसतो. विचारले की उत्तर ठरलेले असते. "बाबांनीच ढिला केलाय काका. पुढचा दाबला की सायकल उलटते म्हणतात."

बापाची ही भीती खोटी नाही. पण ती अर्धीच खरी आहे, आणि उरलेले अर्धे समजून न घेतल्यामुळे आपल्या मुली रोज एका ब्रेकवर शाळेला जातात.

एस.टी.त उभ्याने प्रवास केलेल्या प्रत्येकाला हे शास्त्र ठाऊक आहे. ड्रायव्हरने ब्रेक मारला की सगळे प्रवासी पुढे झुकतात. सायकलीवरही तेच होते. ब्रेक लागताच बसणाऱ्याचा भार पुढच्या चाकाकडे सरकतो आणि मागचे चाक हलके होते. हलके झालेले चाक रस्त्याला नीट धरत नाही, ते घसरते. म्हणून मागच्या ब्रेकला एका मर्यादेपलीकडे काही करताच येत नाही. कितीही दाबा, चाक जाम होऊन फरफटत जाईल. थांबवण्याचे खरे काम पुढचे चाक करते. मात्र तोच ब्रेक एकदम करकचून दाबला तर भार सगळा पुढे येतो, मागचे चाक उचलले जाते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. बापाने पाहिलेले असते ते हे शेवटचे.

आता थोडा हिशेब करू. ताशी १५ किलोमीटर वेगाने चाललेली सायकल एका सेकंदात सुमारे ४ मीटर जाते. कोरड्या डांबरी रस्त्यावर नुसत्या मागच्या ब्रेकने ती थांबायला साधारण साडेतीन मीटर लागतात. दोन्ही ब्रेक नीट लावले तर त्याच्या निम्म्यात, म्हणजे पावणेदोन मीटरच्या आसपास थांबते. फरक एका खाटेएवढा. वेग ताशी २० झाला, उतारावर तो सहज होतो, तर हेच आकडे सव्वासहा मीटर आणि तीन मीटरहून थोडे जास्त असे होतात. वेग थोडा वाढला तरी थांबायचे अंतर बरेच वाढते, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय समोरचे दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद जातो, ते चार-पाच मीटर वेगळेच. उसाच्या हंगामात गंगाखेड किंवा पाथरीच्या रस्त्याने ज्याने ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जाताना पाहिल्या आहेत, त्याला तीन मीटर म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

हा प्रश्न थोड्याथोडक्या घरांचा नाही. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या ८ वी ते १२ वीच्या, शाळेपासून ५ किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. परभणी जिल्ह्यातल्या तालुक्यांचाही त्यात समावेश आहे. हे अनुदान २०२२ मध्ये ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. सायकलीमुळे मुलींचे शिक्षण टिकले, हे मी आजूबाजूला डोळ्यांनी पाहतो. पण सायकल घरी आणून देणे आणि ती थांबवायला शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम कोणाच्याच खात्यात येत नाही.

मुलांना दोन ब्रेकांचा मेळ घालता येत नाही, हे जगभरातले दुखणे आहे. त्यावर सुचलेला एक उपाय म्हणजे लिव्हर एकच ठेवायचे आणि त्यानेच दोन्ही चाके थांबवायची. कोणता आधी, कोणता किती, हे मुलाने ठरवायचेच नाही, यंत्राने ठरवायचे. कल्पना ऐकायला सोपी आहे. करायला गेले की तिच्यातल्या अडचणी कळतात.

जुन्या काळ्या मोठ्या सायकलींचे ब्रेक सळीचे असत. लिव्हर उचलले की सळ्या वर ओढल्या जात आणि रबर रिमला आतून भिडे. दोन चाकांच्या सळ्यांच्या वाटा वेगळ्या, त्यांना एकत्र बांधणे जिकिरीचे. वायरीने हे काम सोपे केले. नळीच्या आतून सरकणाऱ्या वायरीचे पेटंट बाउडन नावाच्या माणसाने १८९६ मध्ये घेतले, आणि ब्रेकची ओढ हवी तशी वळवून कुठेही नेता येऊ लागली. मग एका लिव्हरला दोन वायरी अडकवल्या की काम झाले, असे वाटते. अशी दुहेरी लिव्हरे परदेशात बाजारात मिळतातही.

पण हाताचा जोर तेवढाच असतो. दहा किलोची ओढ दोन ब्रेकांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला पाचच किलो येते. तेरा वर्षांच्या मुलीच्या बोटांना हे जड जाते. शिवाय दोन वायरी सारख्या ताणलेल्या कधीच राहत नाहीत. एक आधी लागते, दुसरी सैल लोंबते, आणि आपण होतो तिथेच परत येतो.

म्हणून दुसरी युक्ती तराजूच्या दांडीची. लिव्हरची वायर एका छोट्या दांडीला ओढते आणि त्या दांडीच्या दोन टोकांना पुढच्या-मागच्या ब्रेकच्या वायरी असतात. एक ब्रेक आधी लागला तर दांडी कलते आणि दुसऱ्याला ओढ पोचवते. दांडी नेमकी मध्यावर ओढली तर दोघांना सारखा जोर मिळतो. पुढच्या ब्रेकच्या टोकापासून एक तृतीयांश अंतरावर ओढली तर पुढच्याला दोन वाटे आणि मागच्याला एक वाटा. आपला काटा-तराजूच, फक्त इथे धान्याऐवजी जोर तोलायचा. दांडीच्या पुढच्या ब्रेककडच्या टोकाला ओढीला विरोध करणारी स्प्रिंग ठेवली की मागचा ब्रेक आधी धरतो आणि पुढचा मागून येतो. उलटण्याची भीती त्यामुळे कमी होते.

या दांडीत एक खोट आहे, ती लक्षात ठेवा. एक वायर तुटली तर दांडी त्या बाजूला पूर्ण कलते, लिव्हरची सगळी चाल त्यातच संपते आणि दुसरा चांगला ब्रेकही लागत नाही. म्हणून दांडीला अटकाव हवाच, ठरावीक मर्यादेपलीकडे ती कलताच कामा नये. अटकाव नसलेली अशी जोडणी कोणी बसवून देत असेल तर घेऊ नका.

तिसरी युक्ती मला सगळ्यांत हुशारीची वाटते. अमेरिकेत 'गार्डियन' या कंपनीच्या मुलांच्या सायकलींवर 'शुअरस्टॉप' नावाचे ब्रेक असतात. लिव्हर एकच, आणि ते फक्त मागचा ब्रेक ओढते. मागच्या ब्रेकच्या दोन रबरांपैकी एकाला थोडे पुढे सरकायला जागा ठेवलेली असते. रबर फिरत्या रिमला भिडले की रिम त्याला आपल्याबरोबर ओढते, आणि त्या सरकण्यानेच पुढच्या ब्रेकची वायर ओढली जाते. म्हणजे पुढच्या ब्रेकला लागणारा जोर मुलाच्या बोटांतून येत नाही, तो चाकाच्या फिरण्यातून येतो. मागचे चाक रस्त्यावरून उचलले जाऊ लागले की रबराला ओढणारा जोर कमी व्हावा आणि पुढचा ब्रेक आपोआप ढिला पडावा, अशी ही योजना आहे. चाकाला आपल्याच वेगाने थांबवायला लावायचे, यात गंमत आहे.

आपल्या देशात हीच कल्पना मोटारसायकल आणि स्कूटरला लागू झाली, तीही कायद्याने. १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलच्या आणि १ एप्रिल २०१९ पासून सगळ्याच नव्या दुचाकींना, १२५ सीसीपर्यंत असतील तर निदान दोन्ही चाकांचे जोडलेले ब्रेक आणि त्याहून मोठ्या असतील तर चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. बजाज कंपनीने आपल्या प्लॅटिनाला असा जोडब्रेक दिला. या कंपनीचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून चालू आहे आणि मराठवाड्यातली कितीतरी तरुण मुले वाळूजच्या वसाहतीत राबतात, म्हणून हे नाव मुद्दाम घेतले. प्लॅटिनावर पायाचा ब्रेक दाबला की मागच्याबरोबर पुढचाही थोडा लागतो. बहुतेक स्कूटरवर हेच काम डाव्या हाताचे लिव्हर करते.

पण बारकाईने पाहा. या गाड्यांवर उजव्या हाताचे पुढच्या ब्रेकचे लिव्हर काढून टाकलेले नाही. ब्रेक जोडले, तरी दुसरी वाट उघडी ठेवली. ब्रिटनमध्ये सायकलींसाठी १९८३ चा नियम आहे, त्यातही मोठ्या माणसाच्या सायकलीला साधारणपणे एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक मागितले आहेत. कारण उघड आहे. लिव्हर एकच आणि वायर एकच असेल तर ती तुटलेल्या दिवशी माणसाकडे चपलेशिवाय काही उरत नाही.

आपल्या रस्त्यांचाही विचार करावा लागतो. यंत्र वाटा ठरवून देते, पण रस्ता रोज वेगळा असतो. कोरड्या डांबरावर पुढच्या चाकाला जास्त वाटा हवा. मुरमावर किंवा सुट्या खडीवर तोच वाटा घातक, कारण मागचे चाक घसरले तर माणूस सावरतो, पुढचे घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही. मागे धाकटी बहीण बसली किंवा पिठाचे पोते ठेवले की मागच्या चाकावरचा भार वाढतो आणि बसवलेले प्रमाण चुकते. पावसाळ्यात आपली काळी माती मडगार्ड आणि ब्रेकच्या मध्ये गच्च बसते, आणि पॉलिश केलेली लोखंडी रिम ओली असली की रबर तिच्यावरून साबणासारखे सरकते. तिथे कोणतीही युक्ती फारशी उपयोगी पडत नाही. वेग कमी ठेवणे आणि ब्रेक आधीपासून हलके दाबून रिम पुसून घेणे, एवढेच हातात राहते.

तेव्हा माझे मत असे की दोन्ही हात धड असलेल्या मुलीला एका लिव्हरची गरज नाही. तिला दोन चालते ब्रेक आणि अर्ध्या तासाचा सराव हवा. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे ढकला. चाक न फिरता मागची बाजू उचलू लागली तर ब्रेक चांगला. रबर रिमवरच बसते का, टायरला तर घासत नाही ना, वायरीचे धागे लिव्हरपाशी सुटलेले नाहीत ना, हे पाहा. मग मोकळ्या टणक मैदानात चालण्याच्या वेगाने सायकल चालवून दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू जोर वाढवत दाबायला लावा. हात ताठ, अंग थोडे मागे. आठ-दहा वेळा केले की भीती जाते. हे काम आईनेही करावे. सायकल चालवता आलीच पाहिजे असे नाही, बाजूने चालत राहिले तरी पुरे.

एका लिव्हरची खरी गरज ज्यांना आहे त्यांचा विचार आपण करतच नाही. मळणी यंत्रात, कडबा कुट्टीत, जिनिंगमध्ये हात गेलेले मजूर आपल्या वस्त्यांत आहेत. लहानपणी पोलिओने एक हात लुळा पडलेले आहेत. यातले कित्येक जण सायकल चालवतात, कारण कामावर जायला दुसरे काही परवडत नाही. आणि ते चालवतात एकाच ब्रेकवर, बहुतेक वेळा मागच्या. त्यांच्यासाठी एकाच मुठीत दोन्ही चाकांचा ब्रेक ही चैन नाही. सायकल मिस्त्रीला सांगून त्यांना दोन वाटांनी सोय करून घेता येईल. मागच्या चाकाला पायडल उलटे दाबल्यावर लागणारा ब्रेक मिळाला तर उत्तम, त्याला हात लागतच नाही. मग चांगल्या हाताचे लिव्हर फक्त पुढच्या चाकाला ठेवता येते आणि दोन्ही ब्रेक वेगळेही राहतात. ते जमत नसेल तर चांगल्या हाताच्या बाजूला दुहेरी लिव्हर किंवा अटकाव असलेली दांडी बसवावी, मागचा ब्रेक किंचित आधी लागेल असा ताण ठेवावा, आणि दोन्ही चाकांच्या वायरी दर पावसाळ्यापूर्वी, तुटायची वाट न पाहता, बदलून घ्याव्यात.