बिऱ्हाडगाडीची उतराई

कामठ्यापासून कोंकणचा किनारा हजाराहून अधिक किलोमीटर दूर आहे. तरी आमच्या भागांतील पुष्कळ घराण्यांचें कुलदैवत त्या किनाऱ्यावरच आहे. कोणाचा हरिहरेश्वर, कोणाचा गुहागरचा व्याडेश्वर, कोणाची केळशीची महालक्ष्मी. भोंसल्यांच्या राज्यांत आणि पुढें इंग्रजी अमलांत चाकरीच्या निमित्तानें पूर्वज इकडे आले व इकडचेच झाले. पण लग्न-मुंज पार पडली कीं कुलदैवताचें दर्शन घेऊन यावें, हा कुळाचार सुटला नाहीं. घरांत कार्य झालें म्हणजे हा विषय निघतो, आणि निघाला म्हणजे एका ठिकाणीं हटकून अडतो. ज्यांना जाण्याची खरी ओढ, त्या आजी-आजोबांनाच प्रवास झेपत नाहीं. दर दोन तासांनीं शौचाची सोय पाहिजे, दुपारीं पाठ टेकायला जागा पाहिजे, पथ्याचें अन्न व औषध वेळेवर पाहिजे. मग तरुण मंडळी जाऊन येतात, आणि ज्यांनीं नवस केला त्यांच्या हातीं नारळाचा प्रसाद पडतो.

या अडचणीवर अलीकडे एक उपाय दिसूं लागला आहे. निजण्याच्या फळ्या, लहानसा ओटा, पाण्याची टांकी व शौचकूप हें सर्व पोटांत घेऊन चालणारी कॅम्परव्हॅन भाड्यानें मिळूं लागली आहे. विंचवाप्रमाणें बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारी ही गाडी. तिला आम्ही या लेखापुरतें बिऱ्हाडगाडी म्हणूं. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं अशा गाड्यांच्या पर्यटनासाठीं स्वतंत्र धोरण जाहीर केलें. नागपुराहून ठाणें जिल्ह्यांतील आमण्यापर्यंतचा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग जून २०२५ मध्यें अखेरपर्यंत खुला झाला, त्यामुळें सह्याद्रीपर्यंतचा प्रवास पूर्वीच्या मानानें पुष्कळच सुखाचा झाला आहे. खरी परीक्षा पुढें, पाण्याच्या कांठीं आहे.

कोंकणचा किनारा नकाशावर सरळ रेघेसारखा दिसतो. प्रत्यक्षांत तो खाड्यांनीं जागोजाग चिरलेला आहे. मुरूडकडून येणाऱ्यास आगरदांडा व दिघी यांच्यामध्यें राजपुरीची खाडी लागते. हरिहरेश्वराचें दर्शन घेऊन दक्षिणेस निघावें तों बागमांडल्यास सावित्री नदीची खाडी आडवी येते, व पलीकडे वेशवी दिसते. केळशी, आंजर्लें, दापोली करून दाभोळास यावें तों वाशिष्ठीची खाडी. पलीकडे धोपावें, आणि तेथून गुहागर जवळ. गुहागराहून हेदवीच्या गणपतीस जाऊन गणपतिपुळ्याकडे निघावें तर तवसाळ व जयगड यांच्यामध्यें शास्त्री नदी आडवी. या खाड्यांवरून मोटारी नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. दाभोळ-धोपावें ही २००३ सालीं सुरू झाली, आणि तिच्यामागून इतर ठिकाणीं तशाच बोटी आल्या. दिघीकडील लोक या बोटीस जंगलजेटी म्हणतात. खाडींत जंगल कोठलें, हें आम्हांस कोणी समजावून सांगितलें नाहीं! या बोटी नसतील तर प्रत्येक खाडीस आंतपर्यंत वळसा घालून पूल गांठावा लागतो. तरण्या माणसाला तो वळसा म्हणजे कंटाळा. ऐंशी वर्षांच्या बाईला ती आणखी एका मुक्कामाची शिक्षा होते.

तेव्हां बिऱ्हाडगाडी बोटींत चढते कीं नाहीं, आणि चढली तर उतराई किती, हे दोन प्रश्न घर सोडण्यापूर्वीच सोडविले पाहिजेत. उतराई म्हणजे नदी उतरून देण्याचें मोल. आमच्या भागांत रामचरितमानस घरोघर वाचलें जातें, त्यामुळें केवटानें रामचंद्राकडून उतराई घेण्याचें नाकारलें ही कथा मुलांनाहि ठाऊक असते. आजच्या केवटास मात्र डिझेल, खलाशी व बोटीची डागडुजी यांचा खर्च आहे. त्यानें ती अवश्य घ्यावी. ती कोणत्या मापानें घ्यावी, एवढाच वाद आहे.

फेरीबोटींचे दर सामान्यतः वाहनाच्या जातीवरून ठरतात: सायकल, दुचाकी, रिक्षा, मोटार, टेम्पो, मिनी बस, बस. मुंबईहून जयगड व विजयदुर्ग येथें वाहनांसह जाणाऱ्या मोठ्या बोटीचे जे दर २०२५ सालीं जाहीर झाले, त्यांतहि हीच पद्धत होती. चारचाकीस ६,००० रुपये, दुचाकीस १,०००, सायकलीस ६००, मिनी बसला १३,०००, आणि बसचे दर आसनांच्या संख्येप्रमाणें त्याहूनहि वर. आतां आमची बिऱ्हाडगाडी कोणत्या रकान्यांत घालावी? तिचा सांगाडा बहुधा मिनी बसचा असतो. पण आसनें मोजलीं तर मोठ्या मोटारीइतकींच, कारण आसनांची जागा बिछान्यांनीं व ओट्यानें घेतलेली असते. शिवाय ती प्रवासी वाहतुकीचा धंदा करीत नाहीं. एकाच घरचीं माणसें त्यांत असतात. ६,००० आणि १३,००० यांत दुपटीहून अधिक अंतर आहे, व तें अंतर खिडकीपाशीं बसलेल्या कारकुनाच्या एका दृष्टिक्षेपानें ठरावें, हें योग्य नव्हे. मोटार कॅरव्हान ही गाडीची निराळी जात मानून तिचीं मानकेंहि आपल्या देशांत ठरलेलीं आहेत. दरपत्रकांत तिला निराळी ओळ देण्यास कोणती हरकत आहे?

यावर कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचें काय घेऊन बसलांत! पण नदीच्या घाटावरची ही कुरबूर फार जुनी आहे, आणि तिची दखल कायद्यानें पूर्वींच घेतलेली आहे. कामठा हें जुन्या भंडारा जिल्ह्यांतील जमीनदारीचें गांव. हा जिल्हा मध्यप्रांतांत होता, आणि मध्यप्रांतास १८७८ चा नॉर्दर्न इंडिया फेरीज ॲक्ट लागू होता. वैनगंगा आणि वाघ या नद्यांवर पूल नव्हते तेव्हां बैलगाड्या नावेनेंच पार होत. सार्वजनिक घाटाचा ठेका लिलावानें देण्याची तरतूद त्या कायद्यांत होती. पण दर ठरविण्याचा अधिकार ठेकेदारास नव्हता, तो सरकारचा होता. ते दर स्पष्ट अक्षरांत इंग्रजींत व देशभाषेंत लिहून घाटाजवळ ठळक जागीं टांगलेच पाहिजेत, आणि फलकाहून अधिक पैसे घेणारा ठेकेदार दंडास पात्र, असा नियम होता. परकी सरकारच्या कायद्याचें कौतुक करण्याची आम्हांस हौस नाहीं. परंतु बैलगाडीवाल्या शेतकऱ्यास जें संरक्षण कागदावर तरी मिळालें होतें, तें बिऱ्हाडगाडीवाल्यास दीडशें वर्षांनंतर मागावें लागतें, ही मौजच म्हणावयाची.

आतां उंचीविषयीं. येथें लोकांचा मोठा गैरसमज असतो. बिऱ्हाडगाडीची उंची, टपावरचें वातानुकूलन यंत्र धरून, नऊ-साडेनऊ फुटांच्या आसपास भरते, आणि एवढी उंच गाडी बोटींत कशी मावणार अशी भीति वाटते. खाडीवरच्या लहान फेरीबोटींचा तळ सपाट व वाहनांची जागा बव्हंशीं उघडी असते. त्या बसगाड्याहि नेतात. जेथें बस मावते तेथें बिऱ्हाडगाडी उंचीसाठीं अडण्याचें कारण नाहीं. तेथें अडचण येते ती मागच्या लोंबत्या भागाची. बिऱ्हाडगाडीचा पाठीमागचा भाग चाकांच्या पुष्कळ मागें गेलेला असतो, आणि शौचकूपाची टांकी व नळ बहुधा त्याच्याच पोटाखालीं असतात. ओहोटीच्या वेळीं पाणी खालीं गेलें म्हणजे बोटीचा उतरता पूल व धक्क्याचा चढ यांत तीक्ष्ण कोन होतो, आणि गाडी वर चढतांना तिची शेपूट खरवडते. म्हणून अशा गाडीनें भरतीची वेळ धरून खाडी ओलांडावी. पंचांग घरांत असतेंच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी अधिक खोल जाते, एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुष्कळ झालें.

उंचीचें दुसरें अंग तोलाचें आहे. उंच गाडीचा भार वर असतो, तिला वारा अधिक लागतो, आणि ती बोटीच्या एका कडेस उभी केली तर बोट त्या बाजूस झुकते. गाडी कोठें लावावयाची हें तांडेल सांगेल तसेंच करावें. तेथें आपलें शहाणपण चालवूं नये. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्या बोटीवर मोटारी नव्हत्या. परंतु भर पावसाळ्यांत, एका बाजूस झुकलेली बोट सावरत नाहीं, हें त्या दिवशीं किनाऱ्यावरच्या घराघरास कळलें. त्याच पाण्यावरून मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी वाहनें नेणारी मोठी बोट चालते, आणि रस्त्यानें शंभरावर किलोमीटरांचें अंतर सुमारें एका तासांत तोडते.

उंचीची खरी मर्यादा बंदिस्त जागेंत लागते. इंग्लंड व फ्रान्स यांच्यामध्यें समुद्राखालून १९९४ सालीं जो बोगदा सुरू झाला, त्यांतील मोटारवाहू आगगाडींत १.८५ मीटरांपर्यंत उंचीच्या मोटारी दुमजली डब्यांत जातात. त्याहून उंच गाड्यांस एकमजली डबे निराळे. म्हणजे उंची हा तेथें केवळ डबा निवडण्याचा प्रश्न झाला, आणि तो तिकीट काढतांनाच विचारला जातो. एकत्र कुटुंबास आवडेल अशी तेथली आणखी एक रीत अशी कीं भाडें गाडीचें असतें. आंत नऊ माणसांपर्यंत कितीहि बसा, निराळे पैसे नाहींत. मात्र गॅसवर चालणारी मोटार तेथें घेत नाहींत, आणि स्वयंपाकाच्या गॅससहि नियम आहेत. आपल्याकडेहि बिऱ्हाडगाडींत सिलिंडर असेल तर तो बंद करून, बोटीवाल्यांस सांगून मगच गाडी चढवावी.

आपल्या देशांतील त्यासारखी सोय म्हणजे कोंकण रेल्वेची. मालमोटारी आगगाडीवर चढवून नेण्याची तिची योजना २६ जानेवारी १९९९ रोजीं सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्यें तशीच सोय कोलाड ते गोव्यांतील वेर्णें अशी खासगी मोटारींसाठीं झाली. दर मोटारीस ७,८७५ रुपये, एका फेरींत ४० मोटारी, आणि एका मोटारीमागें तीनच माणसें, अशी ती योजना होती. तीन माणसांची अट वाचल्यावर आमच्यासारख्या घरांनीं पुढें वाचण्याचें कारणच उरत नाहीं. चौथ्यास कोठें ठेवावें?

मापाच्या बाबतींत आम्हांस नॉर्वेची रीत पसंत आहे. तेथील फेरीबोटी गाडीची लांबी मोजून पैसे घेतात. बोटीवर जागा अडते ती लांबीनें. गाडींत बिछाना आहे कीं बांक, याच्याशीं बोटीस कर्तव्य नाहीं. उंचीनें मोल वाढूं नये. ती मावते कीं मावत नाहीं, एवढेंच पाहावें. स्कॉटलंडनें आणखी पुढें जाऊन २००८ पासून असें तत्त्व प्रथम कांहीं बेटांपुरतें व मग इतर मार्गांवरहि लावलें कीं, तेवढेंच अंतर रस्त्यानें जाण्यास जो खर्च आला असता त्याच्या मानानें बोटीचें भाडें ठरावें. त्यांत बोट हा रस्त्याचाच एक तुकडा मानलेला आहे. आपल्याकडे गोव्यांत पायीं जाणाऱ्या उतारूस सरकारी बोटींत पैसे पडत नाहींत, त्याच्या मुळाशींहि हाच विचार आहे. कोंकणच्या खाड्यांवर पूल बांधण्याची सागरी महामार्गाची योजना पुरी होईल तेव्हां होईल. तोंपर्यंत बोट हाच तेथला पूल आहे, आणि पुलावरून जातांना घरच्या वृद्धांसाठीं बिछाना बरोबर नेला म्हणून कोणी बसचा कर मागत नाहीं.

हा प्रवास योजणाऱ्यांनीं निघण्यापूर्वी गाडीची लांबी, रुंदी व उंची टेपानें मोजून कागदावर लिहून ठेवावी. भाड्यानें देणारा सांगतो तो आंकडा टपावरचें यंत्र सोडून असूं शकतो. गाडीच्या नोंदणीपत्राची प्रत जवळ असावी, कारण आसनांची संख्या त्यावर असते. प्रत्येक धक्क्यास आदल्या दिवशीं फोन करून दर, वेळ व शेवटची फेरी विचारावी. सहल पावसाळा सोडून, मार्गशीर्ष ते फाल्गुन या महिन्यांत करावी. आणि चढतांना-उतरतांना वडील मंडळींस आंत निजवून ठेवूं नये. धक्क्यावर हात धरून उतरवावें, गाडी वर गेली म्हणजे मग त्यांना चढवावें. दाभोळची खाडी ओलांडावयास थोडींच मिनिटें लागतात, तेवढा वेळ बोटीवरच्या बांकावर बसून त्यांना वारा घेतां येतो, आणि धोपाव्यास उतरल्यावर तासाभराच्या आंत व्याडेश्वराचें दर्शन होतें.