परजिल्ह्यातले पाल आणि पोलिसांचा संशय : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऊसतोडीचा हंगाम आला की चाळीसगाव तालुक्यातून कोयत्याच्या टोळ्या निघतात. भिल्ल, पारधी कुटुंबेही पोटासाठी परमुलखात पाल ठोकतात. तिथे चोरी झाली की पहिला संशय पालावर येतो. त्यामागचे हे चार गैरसमज.

गैरसमज : काही जमाती जन्मानेच गुन्हेगार असतात.
वस्तुस्थिती : हा शिक्का इंग्रजांनी 1871च्या कायद्याने मारला. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी सुकन्या शांता खटल्यात पोलिसांना बजावले आहे.

गैरसमज : ओळखपत्र नसलेल्या परक्याला पोलीस हवे तितके दिवस बसवून ठेवू शकतात.
वस्तुस्थिती : देशात कुठेही फिरण्याचा, राहण्याचा हक्क घटनेच्या कलम 19ने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. अटक केलीच तर कारण सांगावे लागते, नातेवाइकांना कळवावे लागते आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावे लागते. ‘नुसती चौकशी चालू आहे’ म्हणून ही मुदत वाढत नाही.

गैरसमज : वकिलाला पैसे नाहीत, तर गुन्हा कबूल करून सुटलेले बरे.
वस्तुस्थिती : अशा कबुलीने दोषी ठरल्याची नोंद होते आणि पुढच्या प्रत्येक संशयात तीच पुढे येते. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, 1987च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो. न्यायालयाची भाषा कळत नसेल, तर साक्ष समजेल अशा भाषेत सांगण्याची मागणी आरोपी करू शकतो.

गैरसमज : अनोळखी भटक्यांना गावाने पकडून जाब विचारणे म्हणजे गावाची राखण.
वस्तुस्थिती : 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. ते पोटासाठी फिरणारे निरपराध लोक होते. संशय आला तर पोलिसांना कळवावे. हात उगारणे हाच गुन्हा आहे.

मुकादमांनी टोळी निघण्यापूर्वी विधी सेवेचा 15100 हा मोफत क्रमांक प्रत्येक मजुराला द्यावा. गावी राहिलेल्या नातेवाइकांनी अटकेची खबर मिळताच तालुका विधी सेवा समिती गाठावी. पहिल्या हजेरीलाच वकील उभा राहिला पाहिजे.