पोटातल्या शिरेतली जाळी काढताना

बाळंतपणानंतर, किंवा मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्यावर, कधीकधी पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. रक्त पातळ करणारी औषधं हा पहिला उपाय. पण मेंदूत रक्तस्राव झालेल्याला ती कशी देणार? अशा वेळी पोटातल्या मोठ्या शिरेत छत्रीच्या काड्यांसारखी धातूची बारीक जाळी बसवतात. रक्त पुढे जातं, गाठ अडकते. डॉक्टर तिला फिल्टर म्हणतात.

काही जाळ्या कायमच्या असतात, काही काढण्याजोग्या. धोका टळला असेल तर काढण्याजोगी जाळी बसवल्यापासून २९ ते ५४ दिवसांच्या दरम्यान काढणं फायद्याचं, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये सांगितलं. आपल्याकडे मात्र प्लास्टर निघतं, रोगी चालू लागतो आणि डिस्चार्ज कार्ड पेटीत जातं.

वर्षं लोटली की शिरेचं अस्तर काड्यांवर चढतं, जाळी कलते, तिचा आकडा भिंतीत रुततो. काडी शिरेबाहेर आतड्यापर्यंत पोचू शकते. मोडली तर तुकडा हृदयाकडे जाऊ शकतो. जाळीतच गाठ साचली तर दोन्ही पाय सुजतात. पुष्कळांना मात्र काहीच जाणवत नाही.

तरीही अशी जुनी जाळी निघू शकते. आधी सीटी स्कॅन करून काड्या कुठे आहेत ते पाहतात. मग बहुधा मानेच्या शिरेतून नळी घालून फासाने आकडा पकडतात. रुतलेला असेल तर चिमटा, कधी लेझरची नळी. जाळीत मोठी गाठ दिसली तर काढणं पुढे ढकलून आधी औषध देतात. शीर फाटलीच तर आतून फुगा फुगवून रक्त थांबवतात, अस्तर लावलेला स्टेंट बसवतात. नाहीच जमलं तर पोट उघडावं लागतं. म्हणून जुनी जाळी काढायची तर रक्तपेढी आणि शिरांचे सर्जन हाताशी असलेलं मोठं रुग्णालयच हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे. वय फार असेल, त्रास नसेल, तर ती राहू देणंही शहाणपणाचं ठरतं.

तेव्हा मेडिकलला जा, सुपरला जा की मिहानच्या एम्समध्ये, जुनं कार्ड सोबत न्या. जाळी कोणत्या दिवशी बसवली, कोणत्या प्रकारची, हे विचारून मराठीत लिहून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. जाळी काढून घरी आल्यावर छातीत दुखलं, दम लागला, मान सुजली किंवा पोट-पाठ दुखून चक्कर आली, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.