पांढरे निशाण दिसताच पाण्याबाहेर!

पांढरे निशाण म्हणजे शांततेची खूण, असा सर्वसाधारण समज आहे. दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनच्या किनाऱ्यावर मात्र त्याचा अर्थ 'तातडीने पाण्याबाहेर या' असा होतो.

ग्रेट व्हाइट शार्कपासून पोहणाऱ्यांचे आणि सर्फिंग करणाऱ्यांचे रक्षण व्हावे, यासाठी तेथे २००४ मध्ये 'शार्क स्पॉटर्स' हा उपक्रम सुरू झाला. फॉल्स बे या उपसागरालगतच्या डोंगरउतारावर निरीक्षक दुर्बीण घेऊन बसतो. पाण्यात शार्कची गडद आकृती दिसताच तो वायरलेसवरून किनाऱ्यावरील सहकाऱ्याला कळवतो. लगेच भोंगा वाजतो आणि काळ्या शार्कचे चित्र असलेले पांढरे निशाण चढते. शार्क नुकताच दिसून गेला असेल, तर लाल निशाण लावतात. पाणी स्वच्छ असून शार्क दिसत नसेल, तर हिरवे.

सर्वाधिक गैरसमज होण्याजोगे निशाण काळे. ढगाळ हवा, वारा किंवा गढूळ पाणी यांमुळे निरीक्षकाला नीट दिसत नाही, एवढेच ते सांगते. शार्क दिसला नाही, याचा अर्थ तो पाण्यात नाही असा नव्हे. हे हिरव्या निशाणाखालीही विसरून चालत नाही.

२०१८ नंतर फॉल्स बेमध्ये ग्रेट व्हाइट शार्क क्वचितच दिसू लागले. अन्य जातींचे शार्क मात्र तेथे येतात. त्यामुळे डोंगरावरचा पहारा उठलेला नाही.