पाऊस आला, पण बेडूक कुठे गेले?

यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर तुम्ही डराव डराव ऐकलंत का? घरातल्या आजी-आजोबांना विचारून बघा. त्यांच्या लहानपणी पावसाळी रात्री बेडकांच्या आवाजाने झोप लागायची नाही. आता बहुतेक शहरांत पावसाची खबर आपल्याला मोबाइलच देतो.

ही नुसती जुन्या दिवसांची हळहळ नाही. २०२३ साली जगभरातल्या ८ हजारांहून जास्त उभयचर प्रजातींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दर ५ पैकी २ प्रजाती नाहीशा होण्याच्या धोक्यात असल्याचं दिसलं. पक्षी आणि सस्तन प्राण्यांचीही अवस्था इतकी वाईट नाही.

बेडकाच्याच वाट्याला हे का यावं? तो तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषून घेतो. श्वासही बराचसा ओल्या कातडीतूनच घेतो. त्यामुळे पाण्यात जे मिसळलं असेल ते थेट त्याच्या अंगात जातं. शिवाय त्याचे संसार दोन. बालपण पाण्यात, मोठेपण जमिनीवर. दोन्हीपैकी एक जागा बिघडली तरी त्याचं गणित चुकतं.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. सिंधुदुर्गातल्या आंबोलीत एक छोटा भेक राहतो. अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावातही ‘टायग्रिना’. २००९ साली डॉ. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची जगाला ओळख करून दिली. त्याचा संसार केवढा? कातळावर साचलेल्या उथळ डबक्याएवढा. पावसाळा सुरू झाला की मादी तिथे अंडी घालते आणि डबकं आटायच्या आत पिल्लांना बेडूकमाशाचे बेडूक व्हावं लागतं. मध्येच पावसाने मोठी उघडीप दिली, की त्या डबक्यातली सगळी पिल्लं गेली. पावसाचं वेळापत्रक बिघडणं म्हणजे काय, ते या कातळावर दिसतं.

त्यात याच आंबोलीतून सावंतवाडी-बेळगाव रस्ता जातो. धबधबे बघायला आपण जातो ते नेमके बेडकांच्या लग्नसराईत. रात्री ओल्या डांबरावर उतरलेला हा लहानगा जीव गाडीच्या दिव्यात दिसतही नाही. संकुचित माणसाला आपण कूपमंडूक म्हणून हिणवतो, पण बिचारा आपली जागा सोडून निघाला की चाकाखाली येतो! आंबोलीचा हा भेक लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत आहे.

शहरात तर डबकंच उरलेलं नाही. सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक, नाल्याला सिमेंटच्या भिंती, विहिरीवर स्लॅब. डास मारायला पाण्यात सोडलेले गंबुशिया मासे बेडूकमासेही फस्त करतात, आणि बेडूकही किडे-डासच खाणारा, हे आपण विसरतो.

शेतातली गोष्ट फवारणीची. मका आणि उसातल्या तणावर ॲट्राझिन मारतात. अमेरिकेतल्या टायरोन हेस यांनी बेडकांना अगदी थोड्या ॲट्राझिनच्या पाण्यात वाढवलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात साधारण १० पैकी १ नर चक्क मादी झाला, त्याने अंडीही घातली. या संशोधनावर वाद भरपूर झाले. तरी युरोपीय संघात हे तणनाशक बंद आहे, आपल्याकडे चालू.

मग आहे ती कायट्रिड नावाची बुरशी. ती कातडीतच वाढते, शरीरातल्या क्षारांचा तोल जातो आणि हृदय बंद पडतं. २०१९ च्या एका अभ्यासानुसार तिच्यामुळे ५०१ प्रजाती घटल्या, त्यातल्या ९० बहुधा कायमच्या गेल्या. सर्वांत जास्त फटका मध्य आणि दक्षिण अमेरिकेला आणि ऑस्ट्रेलियाला. पश्चिम घाटातल्या बेडकांवरही ती सापडली आहे. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका आणि पनामा या देशांत बेडूक गेल्यावर पुढची काही वर्षं मलेरियाचे रुग्ण वाढले, हेही अभ्यासातून पुढे आलं आहे. म्हणजे बेडकाचं दुखणं फिरून माणसाच्या घरात येतं.

आणि पोटाची गोष्ट राहिलीच. एके काळी भारतातून बेडकांच्या तंगड्या हजारो टनांनी परदेशी जात. १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली. गोव्यात मात्र ‘जंपिंग चिकन’ची चव सुटलेली नाही. कायद्याने बेडूक पकडणं, विकणं गुन्हा आहे, पावसाळ्यात वनखातं रात्री गस्तही घालतं. वाईट हे, की मोठा बेडूक पकडणाऱ्यांच्या हाती लागतो तो पहिल्याच पावसात, जेव्हा नर पिवळाधमक होऊन मादीला साद घालत असतो. तेव्हा धरलेल्या एका मादीबरोबर हजारो अंडी जातात.

पावसाळ्यात घाटातून जाणार असाल, तर रात्रीचा प्रवास टाळता आला तर बघा, नाहीतर वेग कमी ठेवा. अंगणात कुंड्यांजवळ बेडूक दिसला तर मीठ टाकून हाकलू नका, मिठाने त्याची कातडी होरपळते. आणि मुलांनो, रात्री आवाज आला की मोबाइलवर रेकॉर्ड करा. प्रत्येक जातीची हाक वेगळी असते. ‘आयनॅचरलिस्ट’ या ॲपवर ती जागा आणि तारखेसह टाकली, की जाणकार नाव सांगतात आणि तुमच्या गल्लीत कोण उरलंय याची नोंद होते.