३,९९५ मिलिमीटरची गाडी

चाकणहून पुण्याकडे येताना अधूनमधून एक चमत्कारिक गाडी दिसते. अंगभर काळ्या-पांढऱ्या नक्षीचा चिकटकागद, दिव्यांवरही पट्ट्या, कंपनीचं नाव नाही की खूण नाही, मागे लाल नंबरप्लेट. बाजारात येण्याआधी चाचणीसाठी रस्त्यावर फिरणारी ही गाडी. बाकीचे लोक एकदा बघतात आणि आपल्या वाटेने जातात. गाडीवेडा माणूस मात्र तिच्या मागेमागे राहतो. शेजारी रिक्षा आली की त्या मापाने, नजरेनेच, तिची लांबी काढतो. चार मीटरच्या आत की बाहेर?

प्रश्न साधा आहे. पण गाडीत इंजिन किती मोठं असेल, डिकीत किती बॅगा मावतील, शोरूममध्ये किंमत काय सांगतील, याचा बराचसा अंदाज त्याच्या उत्तरावरून बांधता येतो. भारतातल्या नव्या गाड्यांविषयी जाणकार हौशी मंडळी जी मतं मांडतात, त्यातली बरीचशी याच एका मापापाशी येऊन थांबतात.

ही रेघ २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आखली गेली. लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १,५०० सीसीपर्यंत असेल, तर ती ‘छोटी गाडी’. तिच्यावरचं उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. लहान, कमी इंधन पिणाऱ्या गाड्या इथे बनाव्यात हा त्यामागचा विचार होता आणि तो चांगलाच होता. पण आठ टक्क्यांचा फरक म्हणजे ग्राहकाच्या खिशातले हजारो रुपये. तेव्हापासून गाडीचं चित्र काढणाऱ्याच्या हाताशी पेन्सिलीइतकीच मोजपट्टीही आली.

२००८ मध्ये टाटा मोटर्सने इंडिगोची शेपटी आखूड करून ‘इंडिगो सीएस’ आणली. लांबी ३,९८८ मिलिमीटर. त्याच वर्षी आलेली मारुतीची स्विफ्ट डिझायर ४,१६० मिलिमीटरची होती, म्हणजे रेघेच्या बाहेर. २०१२ मध्ये तिची दुसरी पिढी आली ती ३,९९५ मिलिमीटर होऊन. वीतभरसुद्धा नाही इतकी लांबी गेली, पण ती डिकीतून गेली. ४४० लिटरची डिकी ३१६ लिटरची झाली. बोनेट आणि मधला भाग नीटस, आणि मागे मात्र कोणी करवत फिरवल्यासारखं, असं जे रूप त्या काळच्या अनेक छोट्या सेडान गाड्यांना होतं, त्याचं कारण हे.

मग हीच मोजपट्टी एसयूव्हीकडे वळली. २०१३ ची फोर्ड इकोस्पोर्ट ३,९९९ मिलिमीटर, २०१६ ची व्हिटारा ब्रेझा ३,९९५. अगदी २०२४ मध्ये स्कोडाने कायलॅक आणली, तीही ३,९९५. कंपन्या वेगळ्या, देश वेगळे, अभियंते वेगळे, आकडा तोच. इंजिनांचंही तसंच. १,२०० सीसीच्या मर्यादेत ताकद मिळवायची म्हणून तीन सिलिंडरचं छोटं इंजिन आणि त्याला टर्बो अशी जोडी रूढ झाली. टाटा नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन १,१९९ सीसीचं, कायलॅकचं ९९९ सीसीचं. ही इंजिनं जोरकस आहेत, पण चार सिलिंडरांचा जुना मऊपणा ज्यांच्या पायांना आणि कानांना माहीत आहे, त्यांना सिग्नलला उभं असताना येणारी बारीक थरथर लगेच कळते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ही रेघ आणखी ठळक झाली. जीएसटीच्या नव्या रचनेत छोट्या गाडीवर १८ टक्के कर आणि त्यापुढच्या सगळ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के. आधी छोट्या पेट्रोल गाडीवर उपकर धरून २९ टक्के लागत होता, तेव्हा मध्यमवर्गीय घरासाठी हा मोठा दिलासा आहे. पहिली गाडी घेणाऱ्याला अल्टो किंवा वॅगन आर पुन्हा आवाक्यात वाटू लागली, याचा खऱ्या गाडीप्रेमीला आनंदच व्हायला हवा. पण २००६ मधला आठ टक्क्यांचा फरक आता बावीस टक्क्यांवर गेला आहे. एवढं बक्षीस समोर असताना चार मीटरच्या आतबाहेर रेंगाळणारी गाडी कोणी बनवेल, ही अपेक्षा करू नये.

लांबी बांधलेली असली की गाडी वाढणार कुठे? वर. गेल्या दहा वर्षांतला सर्वात मोठा बदल हाच आहे. आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक एसयूव्ही या नावाने विकल्या जातात. २०२४ मध्ये टाटा पंच ही देशात सर्वाधिक विकली गेलेली गाडी ठरली आणि चार दशकांत प्रथमच हा मान मारुतीबाहेर गेला. तेव्हाच्या पंचची लांबी ३,८२७ मिलिमीटर, उंची १,६१५ आणि पोटाखालची मोकळी जागा १८७ मिलिमीटर.

या ओढीमागे ठोस कारणं आहेत. गावात शिरताच येणारे बेहिशेबी गतिरोधक, पावसाळ्यात पाण्याखाली लपलेले खड्डे, शेताकडे जाणारी कच्ची वाट, हे सगळं गाडीचं पोट न घासता पार करता येतं. गुडघे दुखणाऱ्या आजीला खाली वाकून आत शिरावं लागत नाही, बाहेर येताना हात द्यावा लागत नाही. उंच बसल्यावर समोरचा रस्ता लांबवर दिसतो. हे सुख खरं आहे.

तरीही जाणकारांचं एक सांगणं मनावर घ्यावं. पंच ज्या ‘अल्फा’ सांगाड्यावर उभी आहे, त्याच सांगाड्यावर टाटाची बुटकी अल्ट्रोझ आहे. मारुतीची फ्राँक्स आणि बलेनो यांचंही नातं असंच. सांगाडा एकच असताना उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, घाटातल्या वळणावर ती जास्त कलते आणि वेगात वाऱ्याला जास्त अडते. म्हणून उंच गाडी घेण्याआधी तिची बुटकी बहीण एकदा चालवून बघावी. वरंध किंवा ताम्हिणीच्या वळणांवर जो फरक जाणवेल, तो माहितीपत्रकात कुठेच छापलेला नसतो.

नव्या गाड्यांचं मन मोकळं करून कौतुक करावं अशी जागा म्हणजे सुरक्षितता. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशाच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे. त्या चित्रफिती ज्यांनी पाहिल्या, त्यांना चालकाच्या छातीपर्यंत आलेलं स्टिअरिंग विसरता आलेलं नाही. जवळपास पाच वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, नेक्सॉनला पाच तारे मिळाले. भारतात बनून भारतातच विकल्या जाणाऱ्या गाडीला असा मान पहिल्यांदाच मिळाला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये मारुतीच्या डिझायरनेही पाच तारे मिळवले. ऑक्टोबर २०२३ पासून तर ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची पद्धत आहे. २०२५ मध्ये अल्टोसारख्या अगदी स्वस्त गाडीतही सहा एअरबॅगा आल्या. दहा-अकरा वर्षांत घडलेला हा बदल असंख्य घरांमध्ये माणसं सुखरूप परत आणणारा आहे.

मात्र तारे वाचायलाही शिकलं पाहिजे. समोरच्या धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गावर हलक्या वाहनांना ताशी १२० ची मुभा आहे. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते; १२० च्या वेगात ती चाचणीतल्या धडकेच्या साडेतीनपट असते. पाच तारे म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. शिवाय ते तारे पट्टा बांधलेल्या प्रवाशासाठी असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला आणि मागच्या सीटवरच्या पट्ट्याचा विषय घरोघरी निघाला. आजही अनेक घरांत तो पट्टा सीटच्या फटीत खोल गेलेला असतो. गाडीप्रेमाची पहिली खूण म्हणून तो आजच बाहेर काढून ठेवावा.

जिथे नव्या गाड्या चुकीच्या वाटेने चालल्या आहेत, असं बहुतेक जुने चालक ठामपणे सांगतात, ती जागा डॅशबोर्डच्या मधोमध आहे. मोठा पडदा. एसी कमी-जास्त करायचा, पंख्याचा वेग बदलायचा, तर पडद्यावर बोट ठेवायचं, आणि बोट नेमकं पडलं का हे बघायला नजर रस्त्यावरून काढायची. स्वीडनमधल्या एका मोटार-नियतकालिकाने २०२२ मध्ये याचं मोजमापच केलं. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना तापमान वाढवणं, रेडिओचं केंद्र बदलणं अशी ठरावीक कामं चालकांना करायला सांगितली. २००५ ची जुनी व्होल्व्हो, सगळी बटणंच असलेली, दहा सेकंदांत मोकळी झाली. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली होती. सर्वात मागे पडलेल्या नव्या गाडीत त्याच कामांना जवळजवळ ४५ सेकंद लागले आणि तोवर ती १,३७२ मीटर पुढे गेली होती.

ही तक्रार आता ऐकली जाते आहे. २०२६ पासून युरोपातली ‘युरो एनकॅप’ पूर्ण पाच तारे देताना इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे आणि आपत्कालीन मदतीची कळ यांच्यासाठी खरी, हाताला लागणारी बटणं आहेत का, हे बघते. फोक्सवॅगनच्या रचनाप्रमुखांनी बटणं परत आणण्याचं जाहीर सांगितलं आहे. आपल्याकडच्या खड्डेदार रस्त्यावर, जिथे बोट एका जागी स्थिर राहतच नाही, तिथे गोल फिरणाऱ्या नॉबची गरज युरोपपेक्षा जास्तच आहे.

इंधनाचं चित्र तर एका पिढीतच पालटलं. १ एप्रिल २०२० ला देश प्रदूषणाच्या बीएस-४ निकषांवरून थेट बीएस-६ वर आला आणि छोटं डिझेल इंजिन परवडेनासं झालं. स्विफ्टपासून इंडिकापर्यंत कितीतरी गाड्यांना ज्याने बळ दिलं, पुण्याजवळ रांजणगावातही जे बनत होतं, ते फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन त्याच सुमारास थांबलं. अ‍ॅव्हरेजसाठी डिझेल घेणारा ग्राहक सीएनजीकडे वळला. आज साधारण पाच नव्या गाड्यांपैकी एक सीएनजीवर चालते. टाटाने २०२३ मध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या आणि सामानाची जागा परत मिळवून दिली. अभियांत्रिकीतला खरा चांगुलपणा म्हणतात तो असा.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, त्याचा आपल्या उसाच्या पट्ट्याशी थेट संबंध आहे. कारखान्यांना साखरेपलीकडे ग्राहक मिळाला. पण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या रचनेच्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असं म्हटलं होतं. ही गोष्ट पंपावर मोठ्या अक्षरात लिहिली असती, तर लोकांचा विश्वास वाढला असता.

आणि विजेची गाडी? तिने तर मोजपट्टीच बाजूला ठेवली आहे. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के, मग लांबी कितीही असो. महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखवलेली, चाकणला बनणारी बीई ६ आहे ४,३७१ मिलिमीटरची आणि तिची बहीण एक्सईव्ही ९ई तब्बल ४,७८९ ची. बॅटरी फरशीखाली पसरायची तर दोन चाकांमधलं अंतर मोठंच हवं, आणि इथे ते कापायचं काही कारण उरलेलं नाही. करवतीऐवजी पेन्सिलीने काढलेली गाडी कशी दिसते, हे पुष्कळ वर्षांनी पाहायला मिळतं आहे. ऑगस्ट २०२५ पासून राज्याने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ केला. जालन्याहून नागपूरला निघालेल्या कुटुंबाला मात्र टोलपेक्षा वाटेतलं चार्जिंग चालू स्थितीत असणं जास्त मोलाचं वाटेल, आणि त्यांचं ते म्हणणं रास्त आहे.

गाडी घ्यायला निघालेल्या नातेवाइकाने सल्ला विचारला की अनुभवी गाडीवेडा पडद्याची लांबी-रुंदी सांगत बसत नाही. टेस्ट ड्राइव्ह घरच्या माणसांना घेऊन कर म्हणतो. मागे तिघे बसव, मधल्याला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का बघ. डिकी उघडून त्यात घरची सर्वात मोठी बॅग ठेवून पाहा. रस्त्यावर नजर ठेवून एसीचा पंखा वाढवता येतो का बघ. मागच्या काचेतून किती दिसतं ते पाहा, आणि जवळचा एखादा चढ दुसऱ्या गिअरवर चढवून बघ.

तळेगावला जनरल मोटर्सने सोडलेल्या कारखान्यात २०२५ पासून ह्युंदाईच्या गाड्या बनू लागल्या आहेत. पहिली गाडी होती नवी व्हेन्यू. लांबी ३,९९५ मिलिमीटर. चाकण-तळेगावच्या रस्त्यावर पट्ट्या चिकटवलेल्या गाड्या आता वाढत जातील, आणि त्यांच्या मागे राहून नजरेने माप काढणारी माणसंही. पट्ट्यांखालची गाडी विजेची असेल, तर त्यांचा अंदाज चुकण्याची शक्यता पहिल्यांदाच मोठी आहे.