डेम्लो संख्या
डेम्लो संख्या : ज्या पूर्णांकाचे डावा, मधला व उजवा असे तीन भाग पाडले असता डाव्या व उजव्या भागांची बेरीज एकाच अंकाच्या आवृत्तीने बनते आणि मधला भागही त्याच अंकाचा बनलेला असतो, तो पूर्णांक. उदा., २५५३ मध्ये टोकांची बेरीज २ + ३ = ५ असून मधला भाग ५५ आहे. या संख्यांचा अभ्यास दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी केला. देवळाली येथे १९३० ते १९६२ या काळात ते शालेय शिक्षक होते. ही कल्पना त्यांना जी. आय. पी. रेल्वेवरील डेम्लो (आताचे डोंबिवली) स्थानकावर सुचली, म्हणून हे नाव.

या कुलातील सर्वांत लक्षवेधक संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ ही होय. ती सतरा अंकी असून भास्कराचार्यांच्या लीलावतीतील स्थाननामांनुसार तिचा पहिला अंक ‘मध्य’ स्थानी, म्हणजे परार्धाच्या एक स्थान अलीकडे, येतो. तिच्या टोकांची बेरीज १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९ होते व मध्ये ९ राहतो. ही संख्या १११११११११ चा वर्ग आहे. १११११११११ = ३<sup>२</sup> × ३७ × ३३३६६७ असल्याने तिचे अविभाज्य अवयव ३<sup>४</sup> × ३७<sup>२</sup> × ३३३६६७<sup>२</sup> असे होतात आणि तिला एकूण ४५ विभाजक आहेत. तिच्या अंकांची बेरीज ८१ असून त्या ८१ नेही तिला निःशेष भाग जातो.

हा चढउतार गूढ नाही. नऊ एकांना नऊ एकांनी गुणताना नऊ सारख्या ओळी प्रत्येकी एक स्थान डावीकडे सरकवून मांडाव्या लागतात. त्यामुळे उजवीकडून पहिल्या स्तंभात एक, दुसऱ्यात दोन, याप्रमाणे मधल्या स्तंभात नऊ एक येतात व पुढे ते क्रमाने कमी होतात. कोठेही हातचा येत नाही. सारे सौंदर्य तेवढ्यावर अवलंबून आहे. दहा एकांचा वर्ग करताच मधल्या स्तंभात दहा येतात, हातचा पुढे सरकतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर मिळते; चढत्या बाजूचा ८ नाहीसा होतो.

असे संख्यांचे आकार जुन्या गणितज्ञांनाही ठाऊक होते. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातील महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात १२३४५६५४३२१ या संख्येचे वर्णन एकापासून सहापर्यंत चढून पुन्हा उतरणारी असे केले आहे. हा सहा एकांचा वर्ग होय.

असे गुणधर्म संख्येचे नसून तिच्या लेखनपद्धतीचे आहेत, या कारणाने कापरेकरांच्या कामाकडे अनेक गणितज्ञांनी दुर्लक्ष केले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकात लिहिल्यानंतर त्यांचे नाव सर्वदूर पोहोचले. आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. दहाऐवजी दुसरा पाया घेतल्यास मर्यादा बदलते, रचना टिकते. अष्टमान पद्धतीत सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच लिहिला जातो आणि मोडतोड आठव्या एकापासून सुरू होते.